घरचा ग्रुप: क्लेमसन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) बदलला

सोमवार, २४ सप्टेंबर २०१८

आत्या (ग्रीनव्हिल): झालं जाहीर. शनिवारी सिराक्यूजविरुद्ध ट्रेव्हर लॉरेन्स सुरुवात करणार, केली ब्रायंट दुसऱ्या नंबरवर.

ताई (शार्लट): व्हायलाच हवं होतं. परवा जॉर्जिया टेकविरुद्ध लॉरेन्सला पाहिलंस ना? १८ पैकी १३ पास, १७६ यार्ड, ४ टचडाउन (चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपार). तेसुद्धा नंतर आत येऊन!

काका (पुणे): इथे काल विसर्जन, त्यामुळे मॅच हुकली. पण टीम चारही मॅच जिंकली आहे ना? मग चांगल्या चालत्या गाडीचा ड्रायव्हर का बदलायचा?

मी: तेच तर दुखतंय, काका. गेल्या वर्षी केलीच्या हाताखाली १२ जिंकल्या, २ हरल्या, एसीसी या आपल्या लीगचं विजेतेपद आलं. यंदाच्या धरून १६-२. असा रेकॉर्ड असलेल्या पोराला बसवलंय, तेही नुकत्याच कॉलेजात आलेल्या अठरा वर्षांच्या मुलासाठी.

आत्या: रेकॉर्ड मान्य आहे. पण त्या दोनातली एक हार कुठली? शुगर बोल ही सीझनअखेरची मोठी मॅच, अलाबामाविरुद्ध, २४-६. केली पळतो सुंदर, पण लांबचा पास त्याला तसा जमत नाही, आणि अलाबामापुढे नुसतं पळून भागत नाही. टेक्सास ए अँड एमला लॉरेन्स आला आणि पहिल्याच पासवर पास झेलणाऱ्या टी हिगिन्सला ६४ यार्डांचा टचडाउन दिला. असा हात रोज बघायला मिळत नाही गं बाई.

मी: आणि त्याच मॅचमध्ये, लाखावर माणसं कानठळ्या बसवत असताना, शेवटी मैदानात केली होता. २८-२६. ती मॅच त्याने तारली.

काका: मग आलटून पालटून खेळवा की दोघांना. आपल्याकडे नाही का, एखाद्याला दोन मॅच बसवतात, परत घेतात.

मी: चार मॅच तेच केलं. पण क्वार्टरबॅक एकच असतो, काका. बहुतेक प्रत्येक प्लेला चेंडू आधी त्याच्या हातात येतो, बाकी दहा जण त्याच्या आवाजावर हलतात. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, कुठे वळणार आणि चेंडू तिथे कधी पोचणार, हे आठवडाभर एकमेकांबरोबर घोटून घ्यावं लागतं. सरावातले बहुतेक प्ले पहिल्या नंबरवाल्याला मिळतात, दुसऱ्याला उरलेसुरले. इतर जागांवर बदली खेळाडूही मॅचमध्ये बऱ्यापैकी खेळून घेतो. इथे दुसरा नंबर म्हणजे हातात क्लिपबोर्ड. लॉरेन्स सरस आहे, कोच स्विनींचा निर्णय बरोबरच आहे. पण केलीचं काय होतंय तेही बघा.

बुधवार, २६ सप्टेंबर

आत्या: गेला! केली टीम सोडून चालला. सीझनच्या मध्यावर. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. हंटर जॉन्सन आणि झेरिक कूपर हे बाकीचे क्वार्टरबॅक आधीच दुसऱ्या कॉलेजांत गेले. आता लॉरेन्सच्या मागे उरला एकटा चेस ब्राइस. उद्या लॉरेन्सला लागलं तर?

ताई: टीमच्या पोरांना काय वाटत असेल? काल खांद्याला खांदा लावून होता, आज पाठ फिरवली.

आजी: अगं पण तो शिकायला आलाय ना तिथे? शिक्षण अर्धं टाकून चाललाय का?

मी: नाही आजी, डिसेंबरमध्ये पदवी मिळतेय त्याला. पदवी घेऊन पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात गेला तर लगेच खेळता येतं.

मी: आत्या, राग समजतो. पण नियम बघ. कॉलेजात खेळायला पाच वर्षांत चार सीझन मिळतात. केलीचा हा चौथा. यंदा जूनमध्ये कॉलेज खेळांच्या संघटनेने, एनसीएएने, नवा नियम केला, चारपर्यंत मॅच खेळलात तर तो सीझन मोजला जात नाही. केलीच्या बरोब्बर चार झाल्यात. शनिवारी शेवटच्या मिनिटाला एका प्लेसाठी जरी आत गेला असता तरी शेवटचं वर्ष खलास. हे दार फक्त याच आठवड्यात उघडं होतं. तो कुणाचं काही घेऊन पळाला नाही, स्वतःचं उरलेलं एक वर्ष घेऊन गेला.

आत्या: आणि टीमने त्याला दिलं त्याचं काय? लॉरेन्स तरी किती दिवस झेलणार? एक धक्का लागला की केलीचीच पाळी होती. वाट बघायची होती जरा.

मी: त्याने आधी वाट बघितलीच की. आधीचा क्वार्टरबॅक देशॉन वॉटसन होता तोवर केली गप बाकावर बसला. तेव्हा आपण सगळे त्याला शहाणा म्हणायचो. आज दोन दिवसांत गद्दार? इथे आयकार या क्लेमसनच्या मोटार-संशोधन केंद्रातल्या आपल्या पुण्याच्या पोरांतही दोन तट पडलेत, पण ‘गद्दार’ मला ऐकवत नाही. कोचला उत्तम खेळाडू निवडायचा हक्क असेल, तर पोराला स्वतःचा विचार करायचाही असायला हवा. एक बरं केलं कोचने, चार मॅचनंतर सांगितलं. आठवडाभर लांबवलं असतं तर केली अडकला असता.

काका: मला पोराचं पटतंय.

ताई: मला अर्धंच पटतंय. पण शिव्या देणाऱ्यांचं मुळीच नाही.

शनिवार, २९ सप्टेंबर

आत्या: लॉरेन्स पडला!! दुसऱ्या क्वार्टरमध्ये पळताना जोरात बसली. आत नेतायत त्याला. मी म्हटलं नव्हतं?

काका: इथे रात्रीचे अकरा वाजायला आले, आजी पण जागी आहे. आता कोण?

मी: ब्राइस.

ताई: चौथा क्वार्टर, दहाने मागे. संपलं बहुतेक.

मी: संपलं नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्या ट्रॅव्हिस एटिएनकडे चेंडू देत राहा फक्त.

आत्या: आता तीनने मागे. चेंडू आपल्याच गोलाजवळ, ९४ यार्ड जायचंय. देवा.

मी: फोर्थ अँड सिक्स, म्हणजे चौथा, शेवटचा प्रयत्न. इथे सहा यार्ड नाही मिळाले तर मॅच गेली.

ताई: हिगिन्स!!! २० यार्ड! काय टाकला!

मी: आणि लगेच ब्राइस स्वतः पळाला, १७ यार्ड!

आत्या: एटिएन आत! ४१ सेकंद उरलेत! मला रडू येतंय.

मी: २७-२३. एटिएनचे २०३ यार्ड, ३ टचडाउन. ब्राइसचं नाव या गावात कुणी विसरणार नाही.

आत्या: जिंकलो, पण केली असता तर इतका जीव टांगणीला लागला नसता. हे मी म्हणणारच.

मी: असता तर त्यानेच जिंकून दिली असती, आत्या. त्याची पाचवी मॅच भरली असती, शेवटचा सीझन संपला असता, आणि लॉरेन्स बरा झाला की परत बाकावर. आपल्या एका शनिवारसाठी.

आत्या: ते कळतंय रे. तरी माझा राग आठवडाभर राहील. ६ तारखेला वेक फॉरेस्ट आहे, ये घरी. लॉरेन्स खेळतोय का ते कळलं की इथे टाक.