सात वर्षं झाली की गाडी बदला म्हणे! (आणि एका तुटक्या कानाची गोष्ट)

चौथा गिअर:

परवा या फोरमवरच 'निखळ नट' यांनी लिहिलं की जुन्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, त्या सांभाळणं हा निव्वळ हळवेपणा, आणि शहाण्या माणसाने सात वर्षं झाली की गाडी विकून नवी घ्यावी. खाली '+१' ची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

माझ्याकडे दोन गाड्या आहेत. १९९८ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आणि २०२१ ची टर्बो पेट्रोल. दुसरीच्या कंपनीचं नाव घेत नाही, उगाच तिचे भक्त गोळा व्हायचे. गेल्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचं हँडल नवीच्या डाव्या हेडलाइटला लागलं. काच शाबूत, दिवा पेटतोय. तुटला तो मागचा प्लास्टिकचा कान, ज्यात स्क्रू बसतो. अंगठ्याच्या नखाएवढा. दिवा मान टाकल्यासारखा लोंबायला लागला.

सर्व्हिस सेंटरमधला पोरगा म्हणाला, "सर, कान वेगळा येत नाही, पूर्ण असेंब्लीच." ३८,४०० रुपये, फिटिंग वेगळं. क्लेम टाका म्हणाला, म्हणजे नो क्लेम बोनसवर पाणी. शेवटी नाना पेठेत एका बोळात बसणाऱ्या माणसाने तोच कान सोल्डरिंगच्या बंदुकीने जोडून दिला. ६०० रुपये आणि दोन चहा.

८०० चा बल्ब गेला तर मी फाटकासमोर उभा राहून स्वतः बदलतो. ही काय फार मोठी गोष्ट नाही, पण गाडी माझी आहे असं वाटायला तेवढी पुरते. नवीचं इंजिन दोन लाख किलोमीटर जाईलही, मला शंका नाही. पण त्याआधी कुठला तरी कान तुटेल आणि भंगारवाला परवडेल.

आणि ८०० मध्ये आता झक मारत ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, घालावं लागतं, तो आणखी वेगळाच विषय.

निखळ नट:

माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. मी तुमच्यासारखा लेखक नाही, डीलरच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढलेला माणूस आहे. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

आमच्या तीर्थरूपांची पद्मिनी होती, म्हणजे जुनी फियाट. रविवार म्हणजे आमच्या घरात मटण नव्हे, इंजिनाच्या ठिणगीचे पॉइंट साफ करायचा दिवस. साठ हजार किलोमीटरवर रिबोअर झालं, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा कापून घेतले. खंबाटकीत अर्ध्या घाटात बॉनेट उघडून उभं राहायचं, रेडिएटरवर ओलं फडकं, आणि मी पाच लिटरचा कॅन घेऊन पाणी कुठे मिळतं ते बघत फिरायचो. बाकीच्या गाड्याही अशाच उभ्या असायच्या, त्यामुळे लाज वाटायची नाही एवढंच. जुन्या फियाटच्या मीटरमध्ये आकडे किती होते आठवतं का? पाच. लाख झालं की परत शून्य. कंपनीलाच भरवसा नव्हता हो!

आज माझ्याकडे दीड-दोन लाख चाललेल्या गाड्या येतात, ज्यांच्या इंजिनाचं हेड कधी उघडलेलं नाही. ऑइल पूर्वी पाच हजारांवर बदलायचो, आता दहावर. तुमच्या पिढीला दुरुस्ती सोपी वाटते, कारण ती दर रविवारी करावी लागायची. सरावाने माणूस काहीही शिकतो.

नाना पेठी:

दोघंही बरोबर आणि दोघंही मूळ मुद्दा सोडून. गाडी टिकते का हा प्रश्नच नाही, ती उघडायची परवानगी कुणाला आहे हा आहे. स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड का ठोठावला? सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून. पुढे अपिलं, तारखा, नेहमीचं. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं. छान आहे. त्यावरून माझ्या गॅरेजवाल्याला गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा कंपनीचा स्कॅनर मिळाला का? नाही. तो बिचारा दिल्लीहून आणलेल्या कॉपीवर कोड वाचतो आणि अर्धे कोड त्यात दिसतच नाहीत.

बॉस्टनचा बंडू:

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली लोकांनी मतदान करून हा हक्क मिळवला. नंतर गाडीचा डेटा वायरलेसने थेट कंपनीकडे जायला लागला, तर २०२० मध्ये पुन्हा मतदान, आणि ७५ टक्के लोक हक्काच्या बाजूने. माझी पंधरा वर्षांची गाडी मी घरच्या ड्राइव्हवेवर...

नाना पेठी:

बंडूशेठ, ड्राइव्हवे म्हणजे काय ते आधी पुणेकरांना सांगा. आमच्याकडे गाडीखाली झोपलो तर सोसायटीचा सेक्रेटरी ऑइलच्या डागाची नोटीस लावतो.

उसाचा फड:

धागाकर्ते, "झक मारत ई-२०" म्हणजे? जरा इस्कटून सांगा की. इथं पुण्या-मुंबईचं लोक रोज आमच्या उसाच्या इथेनॉलला शिव्या घालत्यात. साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला ३१ रुपये केला आणि मग वर्षं लोटली तरी तिथंच. एफआरपी, म्हंजी कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारी किमान भाव, मात्र जवळजवळ दरसाल वाढती. कारखान्यानं १४ दिवसांत बिल द्यायचं असा कायदा हाय, आणि माझ्या बापानं बिलासाठी आठ-आठ महिनं वाट बघितल्याली मी डोळ्यानं बघितलीय. इथेनॉलचं पैसं तेल कंपन्या येळेवर देत्यात म्हणून आज आमचं बिल निघतंय. इथेनॉलनं तुमच्या जुन्या गाडीचं रबर खराब होतंय म्हणून आम्ही ऊस फडातच पेटवून द्यायचा काय?

चौथा गिअर:

दादा, उसाशी माझं भांडण नाही. पण हिशेब बघा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा एक तृतीयांश कमी. वीस टक्के मिसळलं की साधारण सहा-सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांचीच घट लिहिली आहे. मायलेज कमी झालं, मग पंपावर भाव कमी झाला का? तो शंभरच्या वरच. फरक कुणाच्या खिशात गेला, तुमच्या की कारखान्याच्या चेअरमनच्या?

उसाचा फड:

चेअरमनचं नाव काढू नका, त्यावर आमचं आम्ही बघून घेऊ. निवडणूक हाय.

कोकणची कोयती:

अवांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमची गाडी गणपती झाले की दिवाळीपर्यंत चिपळूणला गोठ्याशेजारी उभी. दरवर्षी बटण मारलं की सुरू. गेल्या वर्षी नाही झाली. मेकॅनिकने पंप काढला, खालून बाटलीत इंधन घेतलं आणि बाटली खिडकीच्या कठड्यावर ठेवली. अर्ध्या तासात दोन थर, खाली पाण्यासारखा वेगळा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणात हवेत ओलाव्याशिवाय आहे काय! टाकी साफ, पंप नवा, साडेनऊ हजार. आता गाडी ठेवताना टाकी काठोकाठ भरून ठेवते, म्हणजे आत हवाच कमी.

निखळ नट:

पत्रा गळका असेल तर थेट पावसाचंही पाणी जातं हो टाकीत. झाकणाचं रबर बघितलं होतं का? सगळं खापर इथेनॉलवर फोडायची फॅशन झाली आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप आणि सील ई-२० चालतील असेच असतात.

कोकणची कोयती:

झाकणाचं रबर मी बदललेलं आहे. बाई आहे म्हणून झाकणापासून सुरुवात करताय का?

निखळ नट:

नाही हो, पुरुषांनाही झाकणापासूनच विचारतो. चुकलं असेल तर माफी.

भाऊसाहेब वर्धा:

काऊन भांडता बाप्पा! माह्या डिझेलवालीची कथा ऐका. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची गाडी, आली २०२० मध्ये, मी बी मोठ्या हौसेनं घेतली. घर ते शाळा तीन किलोमीटर. चार महिन्यांत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. वर्कशॉपवाला म्हणे, फिल्टरात काजळी भरली, ती जाळायला गाडी गरम व्हावी लागते, हायवेवर एका वेगानं वीस-पंचवीस मिनिटं पळवा. आता दर पंधरा दिवसांनी मी गाडीला नागपूरपर्यंत फिरवून आणतो. माणसाला हवापालट ऐकली होती, गाडीचीबी असते हे आत्ता समजलं. बायको म्हणते, संत्रा बर्फी तरी आण.

निखळ नट:

तीन किलोमीटरसाठी डिझेल घेतलीच कशाला? ही चूक गाडीची नाही.

भाऊसाहेब वर्धा:

शोरूममध्ये विकताना कुणी सांगितलं होतं का? तुम्हीच तिकडे बसता ना?

शमा ठाणे:

मी शांतपणे वाचत होते, पण कुणीच एका गोष्टीवर बोलत नाही. २०११ मध्ये माझा मावसभाऊ कसारा घाटात गेला. जुनी छोटी हॅचबॅक, समोरून टेम्पो. वेग फार नव्हता. स्टिअरिंगचा दांडा छातीत. पोलिसांनी गाडी दाखवली तेव्हा डॅशबोर्ड सीटला टेकलेला होता. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ठोकून बघितल्या, पाचही शून्य तारे. २०१८ ला रांजणगावात बनणाऱ्या टाटाच्या नेक्सॉनला पाच मिळाले. चार वर्षांत एवढं बदललं आणि इथे लोक बल्ब स्वतः बदलण्याचं कौतुक सांगतायत.

३८ हजारांचा दिवा मी दहा वेळा घेईन.

चौथा गिअर:

शमाताई, यावर मी काय बोलणार. ८०० मी आता फक्त भाजी आणायला आणि लॉ कॉलेज रस्त्यापर्यंत नेतो, हायवेवर कधीच नाही, मुलीने शपथ घातली आहे. सुरक्षेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, बिनशर्त. फक्त एक विचारतो, वाद म्हणून नाही: एअरबॅग असलेल्या गाडीच्या दिव्याचा कान वेगळा का मिळू नये? या दोन गोष्टी एकमेकींना कधी बांधल्या गेल्या?

वहीवाला:

मी २००९ पासून गाडीची वही ठेवतो, घरात चेष्टा होते, पण ती आज कामाला आली. 'दर सात वर्षांनी बदला' याचा हिशेब मांडतो. मेव्हण्याने बारा लाखांची गाडी सात वर्षांत सत्तर हजार किलोमीटर चालवून साडेचार लाखांना विकली. साडेसात लाख गेले, म्हणजे किलोमीटरला पावणेअकरा रुपये नुसती घसरण. पेट्रोल १०४ आणि मायलेज पंधरा धरलं तरी इंधनाचे सातच होतात. पंपावर एक रुपया वाढला की आपण सरकारला शिव्या देतो आणि पावणेअकरा रुपये गपचूप शोरूमला देऊन येतो, वर पेढे वाटतो.

माझी २००९ ची गाडी वर्षाला दहा हजार चालते, दुरुस्तीचे सरासरी पंचवीस हजार. किलोमीटरला अडीच रुपये. यात क्लच, सस्पेन्शन, एकदा एसीचा कॉम्प्रेसर सगळं आलं. पंधरा वर्षांनंतर आरटीओचा त्रास आहे: पुनर्नोंदणीची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून १०,०००, पर्यावरण कर वेगळा आणि तिथे घातलेले दोन दिवस वेगळे. तरी वही माझ्या बाजूने आहे.

निखळ नट:

वहीत ती गाडी वर्कशॉपमध्ये पडून असतानाचे रिक्षाचे पैसे लिहिलेत का?

वहीवाला:

लिहिलेत. पान ४१. २००९ पासून आजवर ६,३०० रुपये.

निखळ नट:

मग दंडवत घ्या. बरं, सात नव्हे, दहा वर्षं म्हणा. माझा आकडा जरा शोरूमकडे झुकलेला होता, धंद्याची सवय. पण टर्बो आणि ऑटोमॅटिक असेल तर वॉरंटी संपल्यावर माझ्याकडे रडत येऊ नका, त्या गिअरबॉक्सचं इस्टिमेट देताना माझाच हात थरथरतो.

उसाचा फड:

आणि इथेनॉलचं काय ठरलं?

नाना पेठी:

ते तुमची निवडणूक झाल्यावर.

भाऊसाहेब वर्धा:

चौथा गिअर साहेब, तो कान जोडणारा माणूस दिव्याव्यतिरिक्त बंपरबी जोडतो का? पुण्याला येणं आहे.

चौथा गिअर:

जोडतो. सोमवारी बंद. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निखळ नट:

त्याला आतून तांब्याची बारीक तार घालायला सांगा. नुसतं प्लास्टिक वितळवून जोडलं तर खड्ड्यांनी पहिल्याच पावसाळ्यात परत सुटतं. माझ्या गाडीचा मी तसाच करून घेतलाय.