प्लेटलेट १८ हजार, आईला घरी कसं सांभाळू?

प्रश्न: आईला आयटीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते आणि त्या कमी होतात, तो आजार) आहे. काल डिस्चार्ज मिळाला. पायांवर मोहरीएवढे लाल ठिपके आहेत. आज दात घासताना बेसिन लाल झालं, माझे हातपायच गळाले.

उत्तर: ताई, मी पंधरा वर्षं वॉर्डात सिस्टर आहे. ब्रश अगदी मऊ घ्या. अंगदुखीला ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नकोच. सुई टोचली की कापूस चोळायचा नाही, पाच मिनिटं नुसता दाबून धरायचा; नातेवाईक हमखास चोळतात आणि काळंनिळं होतं. कुंथायला लागू देऊ नका. डोकं खूप दुखलं, गुंगी आली, शौचाला काळं झालं तर मध्यरात्रीसुद्धा तडक कॅज्युअल्टी गाठा.

उत्तर: शेजारी पपईच्या पानांचा रस सुचवतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रश्नकर्ती: सिस्टर, खूप आभार. बाथरूममध्ये रबरी मॅट घातली. स्टिरॉइड नाश्त्यानंतरच देतेय.