प्रति: क्ष-अक्षात परावर्तन म्हणजे नेमकं कोणतं चिन्ह बदलायचं?

मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की ‘क्ष-अक्षात परावर्तन (म्हणजे आडव्या क्ष-अक्षाला आरसा मानून बिंदूची प्रतिमा काढणं), तर य चं चिन्ह बदला’ हा नियम सहावी-सातवीची मुलं उलटा लावतात. लावणारच! नावात क्ष आहे म्हटल्यावर हात क्ष कडेच जातो.

माझ्या मते नियम मुळात उशिरा सांगावा. आधी संख्यारेषेवर ५ आणि −५ शून्यापासून सारख्याच अंतरावर, विरुद्ध बाजूंना आहेत हे दाखवा. शून्य म्हणजेच आरसा. मग आलेखाचा कागद क्ष-अक्षावर दुमडून (३, २) वर टाचणी टोचा, दुसरं भोक (३, −२) वर पडतं. (४, ०) मात्र जागचा हलत नाही. हा बिंदू जरूर विचारा, कारण पाठांतरवाले इथेच अडखळतात.

संख्यारेषा उभीही काढा, तळघर असलेल्या इमारतीच्या लिफ्टसारखी. −५ हा −३ पेक्षा लहान का, हा वाद तिथे बराचसा मिटतो.

शेवटी क्ष = ३ या उभ्या रेषेत (५, २) चं परावर्तन करायला द्या. उत्तर (१, २), चिन्ह बदलतच नाही! अक्षापुरता पाठ केलेला नियम इथे कोसळतो. अंतर मोजणाऱ्याला काहीच अडचण येत नाही.