स्वस्त लाइट स्टँड घेताना पैसे उंचीला द्यायचे की बुडाला?

कवडसा (धागाकर्ता)

पहिला फ्लॅश घेईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो, त्यामुळे स्टँड उरल्यासुरल्या पैशात येतो. माझाही तसाच आला. दोन मीटर उंच, पाय उलटे वर दुमडणारा, दुमडल्यावर जेमतेम अर्धा मीटर. तीन वर्षं विनातक्रार चालला. गेल्या महिन्यात मोकळ्या मैदानात त्यावर फ्लॅशचा प्रकाश पसरवणारी एक मीटरची छत्री लावली होती. वाऱ्याचा एक झोत आला आणि सगळं आडवं झालं. फ्लॅश जिथे ब्रॅकेटमध्ये (स्टँडवर फ्लॅश धरणाऱ्या पकडीत) बसतो तो त्याचा खालचा भाग तुटला. स्टँडवर मात्र ओरखडासुद्धा नाही.

त्या रात्री वही घेऊन हिशोब मांडला. ताशी १८ किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला ५ मीटर. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या हलतात, इतपतच. तेवढा वारा एक मीटर व्यासाच्या उघड्या छत्रीला साधारण दीड किलो वजनाइतक्या जोराने ढकलतो. छत्री २.२ मीटरवर असेल तर उलथवणारा जोर झाला दीड किलो गुणिले २.२ मीटर, म्हणजे ३.३. आता स्टँड, फ्लॅश, ब्रॅकेट, छत्री मिळून वजन तीन किलो धरा आणि पायांच्या टोकांचं वर्तुळ ९० सेंटिमीटरचं. स्टँड एका पायावरून कलंडत नाही, दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवरून कलंडतो. ती रेषा मधल्या दांड्यापासून त्रिज्येच्या निम्म्यावर, म्हणजे साडेबावीस सेंटिमीटरवर असते. तीन किलो गुणिले ०.२२५ म्हणजे ०.६७. हवं होतं त्याचा पाचवा हिस्सा. स्टँड पडणारच होता.

म्हणून माझं मत असं झालंय: स्वस्त स्टँड घ्यायला हरकत नाही, पण उंची आणि 'किती किलो पेलतो' हे डब्यावरचे दोन आकडे बघून निवडू नका. पेलण्याचा आकडा सरळ खाली दाबणाऱ्या वजनाचा असतो. बाजूने ढकलणाऱ्या जोराबद्दल तो काहीच सांगत नाही. पाय किती पसरतात ते बघा आणि वाचलेल्या पैशातून वाळूची पिशवी घ्या.

एक गोष्ट फुकट मिळते. एक पाय नेमका वारा जातो त्या दिशेला ठेवा. मग त्रिज्येचा निम्मा नाही, पूर्ण आधार मिळतो, म्हणजे तोच स्टँड दुप्पट जोर सोसतो. वरच्या उदाहरणात पाय चुकीचे असतील तर नुसता तोल राखायला जवळजवळ बारा किलोची पिशवी लागते. बरोबर असतील तर साडेचार किलोची. मला हे तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

जड बूड

हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. बाजूच्या जोरापुढे टिकायचं तर सी-स्टँड, म्हणजे शूटिंगच्या सेटवरचा जड स्टँड, हेच उत्तर आहे. त्याचं वजनच पाच-सहा किलोच्या पुढे असतं, पाय पोलादी आणि जमिनीलगत. तीन पाय तीन वेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे दोन स्टँड एकमेकांत सरकवून अगदी जवळ उभे करता येतात. सर्वांत उंच पाय भाराच्या दिशेला घ्यायचा आणि पिशवी त्याच पायावर टाकायची, म्हणजे ती जमिनीला टेकत नाही आणि तिचं पूर्ण वजन कामी येतं. तुम्ही जे वही घेऊन शोधलंत, ते सेटवर पहिल्या दिवशी शिकवतात.

आणि स्वस्त स्टँड फक्त वाऱ्याने हरत नाही. नळी बघा. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २० वरून २५ मिलिमीटर केला तर कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. स्वस्तात नेमकी हीच नळी बारीक केलेली असते. वर सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) लावला की दांडा डुलायला लागतो, फ्रेम लावून मागे वळेपर्यंत दिवा दोन बोटं सरकलेला असतो. नळी आवळणाऱ्या नॉबचा बोल्ट प्लॅस्टिकमध्ये बसवलेला असतो. वर्षभर रोज पिळला की आटे जातात, मग माणूस आणखी जोरात पिळतो आणि कॉलरच, म्हणजे नळीभोवतीची कडीच, तडकते. माझ्याकडे असे चार स्टँड अडगळीत पडलेत. त्या चारांच्या पैशात एक सी-स्टँड आला असता आणि तो मी निवृत्त होईपर्यंत चालला असता.

पायपीट

तुम्ही दोघंही गाडी उभी करून दहा पावलांवर दिवा लावणारे दिसता. मी पाठीवरची पिशवी घेऊन चढते. सहा किलोचा सी-स्टँड आणि बारा किलोची वाळू मी कुठे नेऊ? जो स्टँड वजनामुळे घरी राहतो त्याने आजवर एकही फोटो उजळलेला नाही.

माझ्यासाठी उलट्या पायांचा हलका स्टँड हाच चांगला स्टँड आहे. वाळूची पिशवी रिकामी नेते, दगड तिथेच भरते. वारा असला की छत्री उघडतच नाही. छोटा सॉफ्टबॉक्स किंवा उघडा फ्लॅश, आणि दिवा दीड मीटरच्या वर नेत नाही, माणसाला बसवते. आणि सोबत कुणी असेल तर स्टँड नकोच. मोनोपॉडच्या (एकपायी दांड्याच्या) टोकाला फ्लॅश लावून त्याच्या हातात द्यायचा. झोत आला की माणूस आपोआप पाय रोवतो, हे कुठल्याच स्टँडला जमत नाही.

कवडसा, तुमचा स्टँड वाईट नव्हता. त्या दिवशी त्यावर छत्री लावायला नको होती, एवढंच.

नवी झोत

मी पहिलाच स्टँड घेणार आहे, फक्त घरात, एक स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) आणि छत्री. दोन प्रश्न आहेत. एअर कुशनवाला घ्यायला जास्त पैसे द्यावेत का? आणि माझ्याकडे ट्रायपॉड आहे, त्यावर भागणार नाही का?

कवडसा

ट्रायपॉडवर भागतं, काही दिवस. पाव इंची स्क्रू असतोच, त्यावर १६ मिलिमीटरची खुंटी बसवणारा अडॅप्टर लावला की कुठलाही ब्रॅकेट चढतो. ही १६ मिलिमीटरची, म्हणजे ५/८ इंची खुंटी जवळपास सगळीकडे चालते, त्यामुळे स्टँड कुठलाही घेतलात तरी ब्रॅकेटची काळजी नको. फक्त बहुतेक ट्रायपॉड तुमच्या डोळ्यापाशी संपतात, दिवा त्याच्या वर हवा असतो. आणि कॅमेऱ्याला ट्रायपॉड लागला की दिवा उतरवावा लागतो.

एअर कुशनवर मात्र पैसे घालवू नका. नॉब सैल केल्यावर वरची नळी धाडकन खाली न येता आतली हवा दबून हळूहळू उतरते, एवढंच त्याचं काम. स्टँड उभा राहण्याशी त्याचा काही संबंध नाही. एका हाताने वरची नळी धरायची आणि मग दुसऱ्या हाताने नॉब सोडायचा, ही सवय लावली की झालं. उलट आवरताना प्रत्येक टप्पा दाबत बसावं लागतं.

काळोखी खोली

एअर कुशनबद्दल सपशेल असहमत, आणि नवशिक्यांना असा सल्ला देऊ नये असं मला मनापासून वाटतं. अर्ध्या किलोच्या स्पीडलाइटपुरतं तुमचं खरं आहे. पण स्टँड फ्लॅशपेक्षा जास्त काळ टिकतो. उद्या त्याच स्टँडवर अडीच-तीन किलोचा बॅटरीवाला दिवा चढेल. घामट हाताने नॉब सोडला आणि तो दिवा पाऊण मीटर खाली आदळला, तर आतली नळी जाते आणि मध्ये बोट असेल तर बोटही. सवयीवर विसंबायचं तर दमलेल्या माणसाच्या सवयीवर विसंबायला हवं. सातव्या तासाला कुणाला आठवतं आधी कुठला हात ते?

दुसरं, तुम्ही उंचीला फारच हलक्यात घेताय. उभ्या माणसाचा चेहरा १६० सेंटिमीटरवर धरा. दिवा त्याच्यापासून आडवा १.२ मीटरवर आणि वरून ४५ अंशांत हवा असेल तर तो २.८ मीटरवर न्यावा लागतो. तीस अंशांवर समाधान मानलं तरी २.३ मीटर. दोन मीटरच्या स्टँडवर हे होतच नाही, त्यावर छत्री तिरकी केली की दिवा आणखी खाली येतो. मग सगळे फोटो समोरून सपाट येतात आणि दोष फ्लॅशला जातो. मी तर म्हणेन की पहिला स्टँड २.६ मीटरच्या खाली घेऊच नये. पूर्ण उंचीवर कधीच वापरायचा नाही हे मान्य, पण म्हणूनच तर जास्त उंच घ्यायचा. वरची सर्वांत बारीक नळी बंदच ठेवायची. उंची वाढवताना आधी जाड टप्पे उघडावेत. मी पाहतो ते बहुतेक जण हाताशी येते म्हणून वरचीच नळी आधी ओढतात.

जड बूड

वरच्या नळीचा शेवटचा मुद्दा सोन्याचा आहे. वरची नळी बंद ठेवलेला २.६ मीटरचा साधा स्टँड दोन मीटरला जितका स्थिर असतो, तितका दोन मीटरचा स्टँड दोन मीटरला कधीच नसतो. एवढ्यापुरता मी सी-स्टँडचा हट्ट सोडतो, तेही घरातल्या एका फ्लॅशसाठीच.

सूर आणि साउंड

मी मूळचा आवाजाच्या कामातला. गोल लोखंडी बुडाचा माइकचा स्टँड कुणी सुचवला कसा नाही? जड, जागा कमी खातो, पायात पाय अडकत नाही. टेबलाएवढ्या उंचीवर मागून दिवा द्यायला मी तोच वापरतो. एक घोटाळा टाळा: माइकच्या स्टँडवरही ५/८ इंचच लिहिलेलं असतं, पण ते आट्यांचं माप आहे, इंचाला २७ आटे. दिव्याची ५/८ ची खुंटी गुळगुळीत असते. आकडा एकच, वस्तू वेगळ्या, मध्ये अडॅप्टर लागतोच. छत्री मात्र यावर लावू नका, गोल बूड तेवढं रुंद नसतं.

कवडसा

काळोखी खोली, उंचीचं मान्य. माझ्या हिशोबात मी दिवा २.२ मीटरवर धरला आणि स्वतःचा स्टँड दोन मीटरचा. वरचे वीस सेंटिमीटर ब्रॅकेट आणि छत्रीच्या कलाचे. तुम्ही म्हणता तसा २.८ ला नेला तर उलथवणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून बाहेर मी अजूनही बुडाचीच बाजू घेणार. घरात उंची, बाहेर पायांचा पसारा, असं म्हणू या.

एअर कुशनबाबत तीन किलोच्या दिव्यासाठी माघार. स्पीडलाइटसाठी नाही.

पायपीट

पसारा म्हणताय तर एक सांगते. कितीतरी लोकांचा स्टँड विकत घेताना पसरट असतो आणि वापरताना अरुंद. मधला दांडा जमिनीला टेकेपर्यंत पाय दाबले की पाय वर उचलले जातात आणि दांड्यावर स्टँड डुगडुगतो. कमी उघडले तर बूड लहान. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या जमिनीला समांतर झाल्या की थांबायचं. दांड्याचं टोक जमिनीपासून थोडं वर राहतं.

नवी झोत

मग मी काय बघून घेऊ? दुकानात फ्लॅश लावून तर बघता येणार नाही.

जड बूड

फ्लॅश लागत नाही. पूर्ण उंच करा, सगळे नॉब बेताने आवळा, वरचं टोक धरून पिळा. कुठलीही नळी गर्रकन फिरली तर ठेवून द्या, कारण छत्रीला वारा लागला की नेमकं तेच होणार. नॉबचा बोल्ट थेट नळीवर टेकतो की कॉलर चहूबाजूंनी आवळते ते पाहा. थेट टेकणारा बोल्ट नळीला खळगा पाडतो आणि मग ती दर वेळी त्याच खळग्यात जाऊन बसते. पायांच्या जोडांवर रिव्हेट आहे की नट, हेही बघा. नट सैल झाला तर पाना लावून आवळता येतो. सैल झालेल्या रिव्हेटचं आपण घरी काही करू शकत नाही.

काळोखी खोली

आणि वरची खुंटी धातूची हवी. ती प्लॅस्टिकची असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही घेऊ नका. सगळा भार त्या बोटभर तुकड्यावर असतो.

कवडसा

वाळूच्या पिशवीबद्दल एकच राहिलं. जड बूड, तुमची रीत सी-स्टँडची. हलक्या स्टँडच्या पायावर पिशवी टाकली की बारीक पाय वाकतो, माझा एक वाकलाय. मी मधल्या दांड्याला, नॉबच्या खाली टांगतो.

जड बूड

टांगलेली पिशवी वाऱ्यात झोका घेते आणि स्टँडला आतूनच धक्के देते. टांगायचीच तर इतकी खाली टांगा की जमिनीला हलकेच शिवेल, टेकणार नाही. टेकली की वजन जमिनीने घेतलं, स्टँडला काही मिळालं नाही. पण मी तरी वारा येतो त्या बाजूच्या पायावर, आडवी पट्टी जुळते त्या जोडाच्या अगदी जवळ ठेवीन. तिथे पाय वाकत नाही आणि तरफ लांब मिळते.

पायपीट

वारा फिरला की?

जड बूड

वारा फिरला की पिशवीही फिरवायची. स्टँडजवळ एक माणूस हवाच, हे तुमचं म्हणणं मला पहिल्यापासून मान्य आहे.