चढावर ऑटोमॅटिक गाडी लावताना आधी 'पी' की आधी हँडब्रेक?

उतारवाट
गाडी टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांना ड्राइव्ह. चढावर पूर्ण थांबून 'पी' (पार्क) टाकला आणि पायाचा ब्रेक सोडला की गाडी दोन-चार इंच मागे सरकते आणि गचकन थांबते. हँडब्रेक त्यानंतर ओढतो. निघताना लिव्हर 'पी'मधून काढायला जोर लागतो आणि 'खट्' असा मोठा आवाज येतो. गिअरबॉक्स खराब होतोय का? आणि 'पी' असताना हँडब्रेक मुळात लागतोच कशाला?

दातेरी_चाक
'पी' हा ब्रेक नाही, कडी आहे. गिअरबॉक्सच्या आउटपुट बाजूला एक दातेरी चाक असतं. 'पी' टाकला की बोटाएवढा एक पोलादी खटका त्याच्या खाचेत पडतो. खाच नेमकी समोर नसेल तर खटका दातावर टेकून राहतो आणि गाडी जराशी सरकली की आत पडतो. तुमचे दोन-चार इंच हेच.

१२०० किलोची गाडी दहा फुटांना एक फूट चढावर उभी असेल, तर उताराच्या दिशेने साधारण १२० किलोचा ओढा असतो. एवढा ओढा खटका सहज पेलतो. त्रास होतो तो धक्क्याचा, आणि नंतर दाबाखाली अडकलेला खटका खेचून काढण्याचा. 'खट्' तोच. एकदा-दोनदा असं झाल्याने काही तुटत नाही, पण रोज करू नका. दुसरी गाडी येऊन धडकली तर नुसत्या 'पी'वर उभ्या गाडीचा सगळा मार खटक्यावर बसतो. तो तुटला तर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

क्रम असा ठेवा:
१. पायाच्या ब्रेकवर पूर्ण थांबा.
२. ब्रेक न सोडता 'एन' (न्यूट्रल).
३. हँडब्रेक घट्ट ओढा.
४. पायाचा ब्रेक हळू सोडा, गाडीला हँडब्रेकवर बसू द्या.
५. पुन्हा ब्रेक दाबून 'पी', मग इंजिन बंद.

निघताना उलटं: ब्रेक दाबून इंजिन चालू, 'पी'मधून 'डी' (पुढे जायला) किंवा 'आर' (मागे जायला), आणि हँडब्रेक सगळ्यात शेवटी. तो आधी सोडलात तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

चौथ्या पायरीला गाडी सरकली तर हँडब्रेकची केबल सैल आहे किंवा लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) झिजलेत. ते दुरुस्त करून घ्या, 'पी'ने झाकू नका.

सपाट_रस्ता
एवढा खटाटोप कशाला? पायाचा ब्रेक दाबलेला ठेवून हँडब्रेक, मग 'पी'. 'एन'ची काय गरज?

दातेरी_चाक
सपाट जागी तेवढं पुरतं. चढावर पायाचा ब्रेक सोडल्यावर हँडब्रेकच्या केबलचा ताण बसेपर्यंत गाडी थोडी सरकतेच. 'पी' आधीच पडला असेल तर ते सरकणं खटक्यावर जातं. 'एन'मध्ये सोडलं की हँडब्रेकवर.

तेलकट_हात
दोन गोष्टी जोडतो. खटका चाकं थेट अडवत नाही, डिफरन्शियलमधून (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचातून) अडवतो. पुढच्या ड्राइव्हच्या गाडीचं एक पुढचं चाक जॅकवर उचललं तर ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं उलट दिशेला फिरू शकतं. म्हणजे गाडी 'पी'मध्ये असूनही सरकते. म्हणून पंक्चर काढताना हँडब्रेक हवाच आणि मागच्या चाकांना उटी (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा.

लिव्हर 'पी'त घट्ट अडकला तर हिसके देऊ नका. इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवा, दोघांना गाडी चढाच्या दिशेने रेटायला सांगा (रेटणारे उताराच्या बाजूला उभे असतात, म्हणून हँडब्रेक ओढलेला असू द्या), रेटा लागताना ब्रेक किंचित ढिला करून पुन्हा दाबा आणि लिव्हर काढा.

गाडी हलत असताना 'पी' टाकला तर करकर आवाज येतो: खटका दातांवरून उड्या मारत असतो. वेग अगदी कमी झाला की तो खाचेत पडतो आणि गाडी ठेचकाळते. मागे घेता घेता, गाडी थांबण्याआधीच 'आर'मधून 'डी' करण्याची सवयही वाईट. ब्रेकचं काम गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट करतात आणि त्यांची झीज तेलात उतरते.

उतारवाट
कळलं. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर? आणि घरच्या दुसऱ्या गाडीला एएमटी आहे, तिला 'पी'च नाही.

तेलकट_हात
महिनाभर हँडब्रेक ओढलेला राहिला तर लायनर ड्रमला चिकटतात, धुतल्यावर किंवा पावसानंतर तर हमखास. सपाट जागा असेल तर 'पी' टाका, एका चाकाला पुढून-मागून उटी लावा, हँडब्रेक मोकळा. उतार असेल तर आधी जागा बदला.

एएमटी म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा स्वतः बदलते. इंजिन बंद झालं की क्लच जोडलेला राहतो आणि गिअरमधली गाडी इंजिन अडवतं. आधी हँडब्रेक, मग चढाकडे तोंड असेल तर 'डी', उताराकडे असेल तर 'आर'. डॅशबोर्डवर १ किंवा 'आर' दिसल्यावरच, ब्रेक दाबलेला असतानाच इंजिन बंद करा. 'एन'मध्ये राहिली तर सगळा भार एकट्या हँडब्रेकवर. चढ असो की उतार, कडेला फूटपाथची उंच कड नसेल तर पुढची चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवा, म्हणजे सुटलीच तर गाडी रहदारीत जाणार नाही.