अकाउंट्स कोल्हापुरात, साहेब मात्र पुण्यातच

रंकाळा_चौपाटी: पुण्यातल्या आमच्या कंपनीनं अकाउंट्स, पेरोल आणि कस्टमर सपोर्ट कोल्हापूरला हलवायचं ठरवलंय. तीन महिन्यांत तिकडं जा, नाहीतर हिशेब करून घ्या, असा मेल आलाय. मी मूळचा कोल्हापूरचाच, ११ वर्षं पुण्यात. आईनं फोनवर ऐकलं आणि लगेच माडीवरच्या खोलीतले गव्हाचे डबे हलवायला काढले. मला मात्र आनंद होईना. पगाराला 'शहरानुसार' कात्री, बायकोची नोकरी पुण्यात आणि साहेब लोक पुण्यातच राहणार. काय करावं?

तांबडा_पांढरा: रडगाणं बंद कर भावा. रविवारी रात्री स्टँडवर जाऊन बघ. भाकरीचे डबे घेऊन पोरं पुण्याच्या गाडीला लटकत्यात, त्यात माझी पोरगी पण असती. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून हाय, खरं पदवी घेतली की पोरं पुण्यालाच. शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्र्या हायत, तिथं बी.कॉम.वाल्या किती जणांना घेणार? पगार कमी म्हणतोस, खरं भाडं, शाळा धरून मांड की. अकाउंट्सचा माणूस ना तू?

शाहूपुरी_चौथी_गल्ली: बायकोचा पगार शून्य धरूनही मांडा मग.

पंचगंगा_घाट: २०१९ ला, परत २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी. तेव्हा पेरोल कसा चालवणार?

तांबडा_पांढरा: नेट काय बोटीनं येतंय होय? हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला इथं सुरू झालं, सहा जिल्ह्यांतल्या लोकांची मुंबईची खेप वाचली. तेव्हा कोण म्हणलं, मुंबईतच बरं होतं?

रंकाळा_चौपाटी: बेंचचंच घ्या. तिथं न्यायमूर्ती आले, निकाल इथं लागतात. नुसती कागद घेणारी खिडकी आली असती तर वकिलांनी साखर वाटली असती का? आमच्याकडं ती खिडकीच येतेय. तीन हजारांचं बिल पास करायलाही पुण्याला मेल टाकायचा. उद्या खर्च कमी करायची वेळ आली की पहिली खिडकीच बंद होणार. मॅनेजरच्या दोन खुर्च्या इकडं येऊ देत, मी पुढच्या गाडीनं येतो.

तांबडा_पांढरा: खुर्च्या मागनं येत्यात. आधी माणसं तर बसू देत.

रंकाळा_चौपाटी: ११ वर्षांत तिथली एक खुर्ची हललेली बघितली नाही, काका.

पंचगंगा_घाट: वहिनी काय म्हणतात?

रंकाळा_चौपाटी: म्हणते, तू जा, मी शनिवारी येत जाईन. म्हणजे रविवारी रात्री स्टँडवर आता काकांच्या पोरीशेजारी तीपण उभी.