तांत्रिक लिफाफ्यातच निविदा बाद : उच्च न्यायालयात जायचे का, आणि केव्हा?

प्रश्न – जलवाहिनी (येथे व पुढे लिहिणाऱ्यांची टोपणनावे)

नळपाणीपुरवठा योजनेच्या मुख्य जलवाहिनीच्या कामासाठी आमच्या भागीदारी संस्थेने भरलेली निविदा तांत्रिक छाननीत अपात्र ठरवण्यात आली आहे. संकेतस्थळावर कारणाची एकच ओळ आहे : ‘अनुभव प्रमाणपत्र अटीनुसार नाही.’ काम पूर्ण केल्याचा दाखला कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा असावा, अशी अट होती. आमच्या दाखल्यावर उपअभियंत्याने ‘कार्यकारी अभियंता यांचेकरिता’ अशी सही केली आहे, मात्र जावक क्रमांक आणि गोल शिक्का कार्यकारी अभियंत्याच्याच कार्यालयाचा आहे. आम्ही त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवली, तिला उत्तर आलेले नाही. परवा आर्थिक लिफाफे, म्हणजे दरांचे देकार, उघडले. ज्यांचा देकार सर्वांत कमी ठरला, त्यांचाही एक दाखला मुळात अपलोड झालेला नव्हता आणि तो नंतर सादर करण्याची मुभा त्यांना दिली गेली, असे संकेतस्थळावरील कागदपत्रांवरून दिसते. कार्यारंभ आदेश अजून निघालेला नाही. आमचा दाखला योग्य होता की नाही हे उच्च न्यायालय तपासेल का, आणि कामाला स्थगिती मिळेल का?

उत्तर – खंडपीठासमोर

दाखला योग्य होता की नाही हा प्रश्न न्यायालय सहसा स्वतःच्या हाती घेत नाही. निर्णय बरोबर होता का, यापेक्षा तो कसा घेतला गेला, हे पाहिले जाते. १९९४ च्या टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निविदेच्या बाबतीत न्यायालय अपिलात बसत नाही. बेकायदेशीरपणा, अविवेकीपणा आणि कार्यपद्धतीतील दोष एवढ्यापुरतीच तपासणी असते. जगदीश मंडल प्रकरणात (२००७) दोन कसोट्या घालून दिल्या : निर्णय दुष्ट हेतूने, कोणाला झुकते माप देण्यासाठी किंवा कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही इतक्या मनमानीने घेतला आहे का, आणि त्याने सार्वजनिक हिताला बाधा येते का. अॅफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो (२०१६) या निकालाप्रमाणे तर निविदेच्या अटीचा अर्थ लावण्यात ती लिहिणाऱ्यालाच प्राधान्य असते. त्यामुळे ‘यांचेकरिता’ या शब्दावरच याचिका उभी केलीत, तर ती पहिल्याच सुनावणीत निकाली निघण्याचा धोका मोठा आहे.

तुमचे खरे बळ दुसऱ्या मुद्द्यात आहे. एकाला त्रुटीची पूर्तता करू दिली आणि दुसऱ्याला विचारलेही नाही, हे सिद्ध झाले तर प्रश्न समानतेचा, म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ चा होतो. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेबाबतच्या रमणा दयाराम शेट्टी प्रकरणात (१९७९) प्राधिकरणाने स्वतः घातलेली पात्रतेची अट त्याच्यावरही बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. मात्र त्याच निकालात याचिकाकर्त्याला दाद मिळाली नाही. तो उशिरा आला होता आणि तोवर कंत्राटदाराने खर्च करून टाकला होता. निकालाचा हा उत्तरार्ध पुष्कळ जण वाचतच नाहीत.

उत्तर – निवृत्त अभियंता

मी अनेक वर्षे छाननी समितीत बसलो आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो. सहीच्या दर्जाची अट हौसेने घातलेली नसते. बनावट दाखले येतात आणि सही कोणाची हे ठाऊक असले तरच संबंधित कार्यालयाकडून खात्री करून घेता येते. परंतु जावक क्रमांक दाखल्यावर असताना एक पत्र किंवा एक दूरध्वनी करून ती खात्री दोन दिवसांत झाली असती, आणि ती न करता निविदा बाजूला ठेवणे मला स्वतःला पटत नाही.

त्रुटीपूर्ततेचे कलम निविदा-पुस्तिकेत आहे का, हे आधी शोधा. असेल तर ते सर्वांना सारखे लागू होते. नसेल तर सर्वांत कमी देकारवाल्यांचा नंतर आलेला कागद स्वीकारणेच चुकीचे ठरते. मूळ लिफाफ्यातील कागदाचा खुलासा मागणे वेगळे, आणि पात्रता पूर्ण करणारा नवा कागद मागाहून घेणे वेगळे. अट मूलभूत की दुय्यम, यावरही बरेच अवलंबून असते. पोद्दार स्टील प्रकरणात (१९९१) अनामत रक्कम रोख किंवा स्टेट बँकेच्या धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) भरायची होती. निविदाकाराने युनियन बँकेचा धनादेश दिला, तरी तो स्वीकारणे सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले, कारण अटीचा हेतू साधला जात होता.

छाननी समितीचे इतिवृत्त आणि तुलनात्मक तक्ता माहिती अधिकारात आजच मागा, पण उत्तराची वाट पाहत थांबू नका, कारण त्याला तीस दिवस लागू शकतात. काम केंद्र सरकारच्या विभागाचे असेल, तर सामान्य वित्तीय नियम २०१७ च्या नियम १७३ नुसार निविदाकाराने विचारल्यावर नाकारण्याची कारणे कळवावीच लागतात. राज्याचे असेल, तर पुस्तिकेतील तक्रारीचे कलम पाहा.

उत्तर – खोदकाम

उशिराबद्दल वर लिहिले आहे ते मी भोगलेले आहे. एका जलवाहिनीच्याच कामात आमची निविदा बाद झाली होती, आणि कारणे लेखी मिळावीत म्हणून आम्ही अर्जामागून अर्ज करत सात आठवडे घालवले. याचिका सुनावणीला आली, तेव्हा विभागाच्या प्रतिज्ञापत्राला छायाचित्रे जोडलेली होती : रस्त्याच्या कडेला रचलेले पाइप, अर्धा किलोमीटर खोदलेला चर आणि चराच्या काठाशी उभा असलेला तारीख लिहिलेला फलक. आमचा मुद्दा चुकीचा आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. इतके दिवस कुठे होता, एवढेच विचारले आणि याचिका फेटाळली. तुमच्याकडे आज कार्यारंभ आदेशापूर्वीचे जे दिवस आहेत, ते आमच्याकडे नव्हते. ते हातचे घालवू नका.

पुन्हा – जलवाहिनी

पुस्तिका पुन्हा वाचली. त्रुटीपूर्ततेचे कलम आहे, आणि समिती ‘निविदाकारांना’ मुदत देऊ शकेल, असे त्यात अनेकवचनात लिहिले आहे. स्थगितीबद्दल मात्र मन द्विधा आहे. ज्या गावांसाठी ही योजना आहे, तिथले लोक पाण्याची वाट पाहत आहेत. आमच्या याचिकेमुळे त्यांचे पाणी लांबावे, असे आम्हाला वाटत नाही.

उत्तर – खंडपीठासमोर

तुमची ही चिंता न्यायालयालाही असते. रौनक इंटरनॅशनल प्रकरणात (१९९९), जे राज्य विद्युत मंडळाच्या निविदेचे होते, स्थगिती मिळवणाऱ्याला विलंबाच्या परिणामांसाठी जबाबदार धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. विशिष्ट साहाय्य कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४१(ha) पायाभूत प्रकल्प रखडेल असा मनाई हुकूम देण्यास प्रतिबंध करते, आणि त्या कायद्याच्या अनुसूचीत पाणीपुरवठ्याच्या जलवाहिन्याही आहेत. रिट याचिकेतही, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतही, या तरतुदीमागचा हेतू लक्षात ठेवावा, असे एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात (२०२२) सांगितले आहे.

म्हणून संपूर्ण निविदा रद्द करा, अशी मागणी करू नका. आमच्या दाखल्याची त्रुटीपूर्ततेच्या त्याच कलमाखाली ठरावीक दिवसांत फेरतपासणी करावी, पात्र ठरल्यास आमचा आर्थिक लिफाफा उघडावा आणि तोवर कार्यारंभ आदेश देऊ नये, एवढेच मागा. सर्वांत कमी देकाराच्या निविदाकाराला प्रतिवादी करा. त्याला वगळून याचिका टिकणार नाही. त्याच्या दाखल्याबद्दल जे संकेतस्थळावर दिसते तेवढेच शपथेवर लिहा, तर्क लिहू नका. आणि संकेतस्थळावरील कारणाची ती एक ओळ जशीच्या तशी जोडा. मोहिंदर सिंग गिल प्रकरणापासून (१९७८) तत्त्व असे आहे की आदेशात नसलेली कारणे विभागाला नंतर प्रतिज्ञापत्रातून भरता येत नाहीत.

पुन्हा – जलवाहिनी

आज सकाळी वकिलांकडे कागद दिले. हरकतीची पोच, ती एक ओळ आणि कलमाचे पान वेगळे काढून ठेवले आहे. सोमवारी याचिका दाखल करून तातडीच्या सुनावणीची विनंती करणार आहोत.